'डेड मॅन वॉकिंग' : चित्रपटप्रेरित गीतसंग्रह आणि मृत्युदंडाचा प्रश्न

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मृत्युदंडाच्या कैद्यांना धीर देणाऱ्या सिस्टर हेलन प्रेजीन यांच्या १९९३ मधील ग्रंथावर टिम रॉबिन्स यांनी १९९५ मध्ये 'डेड मॅन वॉकिंग' हा चित्रपट दिग्दर्शित केला. १९९६ मधील त्याच नावाचा गीतसंग्रह हे केवळ चित्रपटाचे पार्श्वसंगीत नव्हे. रॉबिन्स यांच्या निमंत्रणावरून अनेक गीतकारांनी त्यासाठी रचना दिल्या. नुसरत फतेह अली खान व एडी वेडर यांच्या गीतांत कव्वालीची आलापी रॉक गायनाला भेटते. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या शीर्षकगीतात दंडित कैदी बोलतो, तर स्टीव्ह अर्ल यांच्या 'एलिस युनिट वन'मध्ये तुरुंगरक्षक. न्यायनिवाड्यात रक्षकाच्या मनावरील भाराची नोंद सहसा नसते. म्हणूनच मृत्युदंडाच्या इतिहासाचे पूरक साधन म्हणून अशा संग्रहाचा अभ्यास व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.