उत्पन्नाचा दाखला आणि भुकेची पात्रता

भुकेल्या माणसाच्या पदरात धान्य टाकण्यापूर्वी त्याला कोणता प्रश्न विचारायचा, या गोष्टीला महाराष्ट्रात सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. पाणवठा, मंदिर, शाळा, जमीन, नोकरी या प्रश्नांवर आपल्या चळवळीने विपुल लिहिले आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या रेशन दुकानासमोर आपल्या आया-बहिणींचे अर्धे आयुष्य गेले, त्या दुकानाचा इतिहास आपण फारसा लिहिला नाही. सध्या त्या दुकानात ‘तुझे उत्पन्न किती?’ असे विचारले जाते. हा प्रश्न अनादी नाही. तो केव्हा आला आणि त्याच्याआधी काय विचारले जात होते, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

1876-78 च्या दुष्काळात सरकारचा प्रश्न निराळा होता. तू खडी फोडायला तयार आहेस काय? जो खरोखर उपाशी तोच घरदार सोडून दूरच्या कामावर येईल, असे त्या धोरणाचे गृहीतक. सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या आरंभी दुष्काळी कामावरील पुरुष मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा हे प्रमाण धरले. एक पौंड म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. त्यावर दिवसभर राबायचे! मुंबई इलाख्यातील मजुरांनी या मजुरीविरुद्ध संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही. त्याच 1877 साली जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना जेवू घातले. आज पुणे शहराचे उपनगर असलेल्या त्या धनकवडीत मुलाला कसोटी लावली जात नव्हती. मूल उपाशी आहे, एवढी पात्रता पुरे होती.

गावगाड्यात तर प्रश्नही नव्हता, फक्त जात होती. महार-मांगांना जे मिळे ते बलुते. त्याचे माप देणाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री राबणूक ठरलेली. उरलेसुरले अन्न आणि मेलेल्या गुराचे मांस नाकारा, हे बाबासाहेबांनी 1927 च्या महाड परिषदेत सांगितले. त्यात सवयी सुधारण्याचा उपदेश होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मर्जीचे अन्न आणि हक्काचे अन्न यांत केलेला भेद होता. वतने कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्याने. तोवर आमची एक पिढी शहरात येऊन पोहोचली होती.

शहरात तिला भेटले ते रेशन. दुसऱ्या महायुद्धात धान्य बाजारातून नाहीसे झाले तेव्हा मुंबईत 1943 च्या मे महिन्यात शिधावाटप सुरू झाले, आणि ते प्रांतातील इतर शहरांत, पुण्यातही आले. याची एक बाजू मला विलक्षण वाटते. हे शिधावाटप सर्वांसाठी होते. पेठेतला वाडेमालक आणि वस्तीतला झाडूवाला, दोघांच्याही कार्डावर माणशी माप तेच. मुंबईत तर अंगमेहनत करणाऱ्या कामगाराला जादा शिधा होता; म्हणजे सरकारला घामाची किंमत एकदा तरी कळली होती. यात कुणावर दया केली जात नव्हती. युद्ध होते आणि शहर शांत ठेवायचे होते. धान्य खराब निघे, दुकानदार मापात मारी, ज्याला पत्ता नाही त्याला कार्ड नाही, आणि बहुतेक खेडी या व्यवस्थेबाहेरच राहिली, हेही खरे. तरीही ज्याचे धान्याचे माप पिढ्यान् पिढ्या जातीने ठरले, त्याचे माप प्रथमच केवळ माणूस म्हणून ठरले. नियंत्रणे मधे उठली, पुन्हा आली. पण रेशनकार्ड सर्वांचे, हे तत्त्व 1997 पर्यंत मोडले नव्हते.

हे तत्त्व आपल्या चळवळीला चांगले उमगले होते. 1 ऑक्टोबर 1964 रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील तो भूमिहीनांचा सत्याग्रह आपण जमिनीसाठी म्हणून लक्षात ठेवला आहे. पण त्याच सनदेत धान्याचे पुरेसे वाटप आणि भाववाढीला आळा ही एक मागणी होती, आणि किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी ही दुसरी. वाटप मागितले ते गरिबीचे प्रमाणपत्र जोडून नव्हे. हजारो लोक तुरुंगात गेले. ज्यांनी भाकरीसाठी हात पसरणे नाकारले होते, ते आता वाटप हा राज्याच्या जबाबदारीचा भाग आहे असे म्हणत होते. या दोन मागण्या शेजारी शेजारी होत्या, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

1972 चा दुष्काळ आणि महागाईविरोधी मोर्चे येथे मी सोडून देतो. त्यावर लिहिले गेले आहे. फक्त पुण्याची एक नोंद करतो. 1974 साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र काढले. ना नफा ना तोटा या तत्त्वावर पोटभर जेवण, आणि ते कुणालाही. जेवणाऱ्याचे उत्पन्न तेथे कुणी विचारले नाही.

उलटा फेरा 1997 च्या जूनमध्ये सुरू झाला. केंद्राने ‘लक्ष्याधारित’ वितरणव्यवस्था आणली. महाराष्ट्राने 1 मे 1999 पासून तिरंगी शिधापत्रिका काढल्या. मुहूर्त महाराष्ट्र दिनाचा आणि कामगार दिनाचाही. वार्षिक 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, त्यापुढे 1 लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरी. 15,000 म्हणजे साऱ्या कुटुंबाचे दिवसाला 41 रुपये. शिवाय पिवळ्या कार्डासाठी घरात दूरध्वनी नसावा, चारचाकी नसावी, कुणी व्यवसायकर भरत नसावा, अशा अटी. दूरध्वनीची अट वाचून आज हसू येते. तेव्हा मात्र तो श्रीमंतीचा पुरावा होता. पुढे शासनालाच विडी कामगार, पारधी आणि कोल्हाटी समाजाची कुटुंबे यांना पिवळ्या शिधापत्रिका द्याव्यात असे आदेश काढावे लागले. उत्पन्नाच्या आकड्याने गरिबी सापडत नाही, व्यवसायाने आणि जातीने सापडते, ही शासनाने स्वतःच दिलेली कबुली होय. ती कबुली फक्त या अपवादांपुरतीच राहिली, तिचे तत्त्व झाले नाही.

2013 मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी 1 फेब्रुवारी 2014 पासून सुरू झाली. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. आधी 3 रुपये किलोने तांदूळ व 2 रुपये किलोने गहू, आणि 1 जानेवारी 2023 पासून मोफत. कायद्यात उत्पन्नाची मर्यादा कुठेही नाही. ती राज्याने ठरवली: शहरात 59,000, ग्रामीण भागात 44,000. ठरवावी लागली, कारण किती लोक उपाशी मानायचे हा आकडा आधीच वरून आला होता. शहरी महाराष्ट्रातील 45.34 टक्के आणि ग्रामीण भागातील 76.32 टक्के, मिळून 7 कोटी 16 हजार माणसे. ही गणती 2011 च्या जनगणनेवर, आणि 2021 ची जनगणना झालीच नाही. दरम्यान पुण्यात किती माणसे आली, किती गावे शहरात आली! म्हणून परिमंडळ कार्यालयात उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्यालाही ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते.

59,000 चा हिशेब सोपा आहे. महिन्याला 4,916 रुपये. पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला 32 रुपये. नियोजन आयोगाने 2011 साली सर्वोच्च न्यायालयात शहरी गरिबीची रेषा म्हणून 32 रुपये सांगितले तेव्हा देशभर संताप उसळला होता. तो आकडा निषेधात बुडाला असे आपल्याला वाटले. रेशनच्या खिडकीत तो टिकून राहिला.

दाखल्याचा प्रकार तर याहून वेगळा. ज्याला पगारपत्रक मिळते त्याचे उत्पन्न कागदावर असते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, मंडईतल्या पाटीवालीचे, कचरावेचक स्त्रीचे उत्पन्न कोणत्या कागदावर असते? ती सांगेल ते आणि कारकुनाला पटेल ते, यांच्यामध्ये कुठेतरी. बलुत्याच्या मापात जी मर्जी होती तीच येथे शिक्क्यासह परतली, असे मी म्हणतो ते अतिशयोक्तीने नव्हे. करोनाच्या काळात तर शासनानेच ही भिंत काही दिवस बाजूला सारली: 2020 च्या मे-जूनमध्ये केशरी कार्डांनाही 8 रुपये किलोने गहू आणि 12 रुपये किलोने तांदूळ मिळाला. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम निघाली.

मी महाविद्यालयात शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत टेबलावर उत्पन्नाच्या दाखल्यांचा ढीग असतो. ताडीवाला रोडच्या किंवा कासेवाडीच्या एखाद्या घराचा दाखला सव्वा लाखाचा असतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख, म्हणून आमच्या खिडकीवर ते घर गरीब ठरते. रेशनच्या खिडकीवर तेच घर पांढऱ्या कार्डाचे, म्हणजे सधन. आणि 2019 च्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी आरक्षण आले, ज्यातून अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्ग वगळले गेले, त्या दुर्बलतेची मर्यादा 8 लाख! 59,000 च्या साडेतेरा पट. दुर्बल या शब्दाचा अर्थ कुणासाठी किती ताणायचा, हे या दोन आकड्यांत लिहिलेले आहे.

1964 च्या सनदेतील त्या दोन मागण्यांकडे परत येतो. पुण्यातल्या कंत्राटी सफाई कामगाराला कायद्याने ठरलेले किमान वेतन खरोखर मिळाले, तर एकट्याच्या कमाईवर त्याचे घर 59,000 च्या कितीतरी वर जाते आणि रेशनला मुकते. रेशन टिकवायचे तर कायद्याहून कमी मजुरी मिळते असे लिहून द्यायचे. आणि ते बहुधा खरेही असते. ज्या मागण्या दादासाहेबांनी एका कागदावर मांडल्या, त्यांपैकी एक पदरात पडली की दुसरी हातची जावी, अशी ही मर्यादा बांधलेली आहे. सफाई कामगारांच्या संघटना वेतनासाठी लढतात, रेशनच्या कृती समित्या धान्यासाठी, आणि त्यांचे मोर्चे वेगवेगळ्या कचेऱ्यांवर जातात.