मोडीपासून मोबाइलपर्यंत : सीमाभागातील एका शिवाराचे दप्तर

तंत्रज्ञान किती वेगाने बदलते हे पाहण्यासाठी रेल्वे-विमानांच्या इतिहासाकडे जाण्याची गरज नाही. आळंद तालुक्यातील मादन हिप्परग्यासारख्या सीमेवरच्या गावांत जुन्या ट्रंकेतले जमिनीचे कागद उघडले तरी पुरे. या भागात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि 1948 पूर्वी वर निजामाचे राज्य. शेत तेच राहिले, त्याची नोंद मात्र बदलत गेली.

मराठी मुलखात दप्तराची लिपी मोडी. यादवांचा प्रधान हेमाद्री याने ती रूढ केली, अशी परंपरा सांगते. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता लिहीत जायचे. वेगाने लिहिण्यासाठीच ती घडली आणि काही शतके टिकली.

तिला मागे सारले छापखान्याने. विल्यम केरीने 1810 मध्ये श्रीरामपूरला मराठी कोश मोडी टाइपात छापला खरा. पण एकमेकांत गुंतलेली मोडी अक्षरे सुट्या खिळ्यांत बसवणे अवघड होते. 1832 च्या ‘दर्पण’पासून वृत्तपत्रे आणि पुढे पाठ्यपुस्तके बाळबोधीत रुळली. हाताने लिहिताना जी गती गुण होती, तीच यंत्रापुढे अडचण ठरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी गेली.

हैदराबाद संस्थानात 1880 च्या दशकात राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत आळंद तालुका म्हैसूर राज्यात आला आणि दप्तर कन्नड झाले. हे बदल यंत्राने नव्हे, राज्याने घडवले. पण नोंद वाचणाऱ्याला दर वेळी नव्याने शिकावे लागले.

मग 2000 च्या सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ योजना आणली. सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या 2 कोटी नोंदी संगणकावर गेल्या. तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत पहाणीचा उतारा मिळू लागला आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्याची मान्यता संपली. गावच्या हिशेबनिसाच्या घरी खेटे घालण्याची वेळ टळली, हा लाभ मोठा आहे. आता तीच नोंद मोबाइलवरही दिसते.

पण हिशेब पाहा. मोडी शतकानुशतके चालली, संस्थानी उर्दू सुमारे सत्तर वर्षे, हाताने लिहिलेली कन्नड पहाणी जेमतेम पंचेचाळीस. पूर्वी आजोबांची विद्या नातवाच्या कामी येई. आता एकाच आयुष्यात ती दोनदा कालबाह्य होते. वाटणीचा वाद निघाला की संगणक आजची नोंद दाखवतो. पणजोबांचा कागद मात्र घरात कोणालाच वाचता येत नाही. 2023 मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध करावी लागली. जी विद्या निरुपयोगी म्हणून सोडली, तिचीच गरज पडली.

नव्या यंत्राला नाही म्हणण्याचे कारण नाही. त्याच यंत्राने जुने कागद वाचवता येतात. या गणेशोत्सवात प्रत्येक घराने ट्रंकेतल्या कागदांचे स्वच्छ फोटो काढावेत, वडीलधाऱ्यांना विचारून कोणता कागद कशाचा हे लिहून ठेवावे आणि एखाद्या तरुणाने मोडी, एखाद्याने उर्दू शिकावी. व्यासांचे महाभारत लेखणी न थांबवता लिहून घेणाऱ्या गणरायाच्या उत्सवात याहून उचित सेवा कोणती?