छाटीचा हिशेब

सौंदडच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलो, तेव्हा वाणिज्य शाखेत माणसाच्या वागण्याचाही अभ्यास असतो हे ठाऊक नव्हते. पुढे तोच विषय, संघटनात्मक वर्तन, शिकवण्यात माझी नोकरी गेली. स्मरणिकेसाठी त्याचाच थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा एक धडा मला आपल्या गावानेच आधी शिकवला होता.

मुंबईत सिडनहॅम कॉलेज 1913 साली निघाले. व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्था बऱ्याच नंतरच्या: अहमदाबादची 1961ची, मुंबईची जमनालाल बजाज 1965ची. तिथून हा विषय हळूहळू आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजांपर्यंत पोचला.

प्रत्येक पुस्तकात पहिली गोष्ट असते ती शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची. 1924 साली तिथे उजेड वाढवला की काम वाढते का, हे पाहू लागले. उजेड कमी केला तरी काम वाढलेले दिसले! मग 1927 पासून टेलिफोनचे भाग जुळवणाऱ्या मोजक्या मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या. हार्वर्डच्या एल्टन मेयो यांनी निष्कर्ष मांडला की, माणूस केवळ पैशासाठी राबत नाही. आपली दखल घेतली जाते, याचाही परिणाम होतो.

मी वर्षानुवर्षे हे शिकवले. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे जास्त काम काढून घ्यायला गोड बोलायचं, एवढंच ना?" मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री आई आठवली. ओसरीवर सूप मांडीवर घेऊन ती बिड्या वळायची. मजुरी हजारावर. तेंदूपत्ता फर्म्याने कापायचे काम आम्हा भावंडांकडे. आमचा सट्टेदार बोलायला फार गोड. "बाई, तुमच्या हाताची बिडी म्हणजे काय सांगू!" असे म्हणत मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्यांची मजुरी नाही, आणि बिड्या मात्र त्याच्याकडेच राहायच्या. आई गप्प बसायची.

मग मी पुस्तकाबाहेरचे वाचले. हॉथॉर्नच्या त्या खोलीतल्या दोघींना फार बोलतात म्हणून 1928 साली काढून दुसऱ्या आणल्या होत्या. मजुरीची पद्धतही बदलली होती. आपल्याकडे 1953 साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस यांनी मागांचे काम छोट्या गटांकडे सोपवून पाहिले. गट कामगारांनीच जुळवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. तिथे कामगारांना गोड शब्दांपेक्षा मोठी गोष्ट मिळाली होती: आपल्या कामाबद्दल ठरवण्याचा अधिकार. आणि छाटीवरून वाद झाला तर दाद मागण्याची तरतूद 1966च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात होती. आईला ते कुणी सांगितले नव्हते.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला उत्तर दिले: "गोड बोलणं आणि मान देणं यात फरक आहे. छाट कोण ठरवतो आणि तिचे पैसे कुणाच्या खिशात जातात, ते आधी बघ." तेव्हापासून विषयाची सुरुवात मी हॉथॉर्नने करत नाही, आईच्या सुपाने करतो.

मेळाव्याला येताना तिचा पत्र्याचा फर्मा सोबत आणणार आहे. तो कशाचा, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना सांगावे लागणार नाही.