नाथसागराचा काठ

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. आमच्या गंगापूरच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला तो पुस्तकात नाहीतर मोबाइलवर. पण आमच्याकडे एक सागर आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. ज्यांना कोकणाचा खर्च झेपत नाही, त्यांची चौपाटी हीच. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हीही मुलंबाळं घेऊन दोन दिवस तिथे गेलो. पाणी बरंच आत गेलेलं, पुढे लांबच लांब मोकळा काठ. पोरांना आणखी काय हवं?

पैठण गावही मोठं अजब. सातवाहनांची ही राजधानी, प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचं शहर म्हणून तिचा उल्लेख आहे. इथून अकीकासारखे खडे गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात. इथेच एकनाथ महाराजांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात तुर्क दखनीत बोलतो, हिंदू मराठीत. दोघं कडाकडा भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या मला हा संवाद घरचाच वाटतो.

पण ज्या सागरावर आपण सहलीला जातो, त्याचं वय जेमतेम पन्नास वर्षांचं. मूळ धरण बांधायचं होतं बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. पुढे जागा बदलली, सुमारे शंभर किलोमीटर वर पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि १३२ किलोमीटरचा उजवा. पाण्यावर पक्षी उतरू लागले, १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं.

या पाण्याखाली सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन गेली. पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावं बाधित झाली. आमच्याकडे ‘जुने कायगाव’ आणि ‘नवीन कायगाव’ अशी दोन नावं आहेत, ती उगाच नाहीत. पाणी खूप खाली गेलं की जुन्या वस्त्यांच्या खुणा वर येतात. उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. ज्याच्या बापाची ती जमीन होती, तोच आता ती कसायला परवानगी मागतो.

आमच्यासोबत माझी खाला होती. तिचं माहेर बुडितातलं. पोरं पाण्यात खेळत होती तेव्हा ती डोक्यावर पदर घेऊन काठाशी उभी राहिली आणि फातिहा पढली. तिच्या आजोबांची कबर तिकडेच कुठेतरी आहे. धाकट्याने विचारलं, “नानी, पाण्याला दुवा देतेस का?” ती म्हणाली, “पाण्यालाही, आणि खालच्यांनाही.”

धरण नको होतं, असं मी म्हणणार नाही. जिल्ह्याचं शहर हेच पाणी पितं, दुष्काळात मराठवाडा त्याच्याकडेच डोळे लावतो. पण धरणाची तारीख आणि भिंतीची लांबी एवढाच त्याचा इतिहास नाही. घरदार, देऊळ, मशीद, मसणवटा, कब्रस्तान सोडून उठलेल्यांच्या पिढीतली माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यात हिंदूही आहेत, मुसलमानही. नाथसागरावर जाल तेव्हा मुलांना संत ज्ञानेश्वर उद्यान जरूर दाखवा. त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपलं जुनं गाव कुठे होतं. आणि ते जे सांगतील, ते वहीत लिहून ठेवा.