फोर्टातली वंडरवॉल

मागच्या दिवाळीत नातू गिटारवर एक इंग्रजी गाणे घोटत बसला होता. नाव विचारले तर म्हणाला, "आजोबा, वंडरवॉल. ओअॅसिसचं." ते गाणे १९९५ चे. पण हे नाव जिच्यावरून घेतले ती तबकडी १९६८ ची आणि तिचा मोठा भाग आपल्या मुंबईत, फोर्टात वाजवलेला आहे, हेही त्यानेच मला सांगितले. मंडळी, मी तेव्हा गिरगावात राहून बी.ए. करत होतो. त्या भागातून कितीदा चालत गेलो असेन!

'वंडरवॉल म्युझिक' हे बीटल जॉर्ज हॅरिसनचे चित्रपटसंगीत. चौघा बीटल्सपैकी कुणीही एकट्याच्या नावावर काढलेली ही पहिली एलपी आणि त्यांच्या 'अॅपल' कंपनीचीही पहिलीच. चित्रपट जो मॅसॉट यांचा. एक विसरभोळा प्राध्यापक भिंतीच्या भोकातून शेजारच्या मुलीचे रंगीत जग बघत बसतो. (आमच्या चाळीत असे करणाऱ्याला वेगळे नाव होते.) संवाद थोडे, म्हणून बोलायचे ते संगीतानेच. हॅरिसनने लंडनमध्ये स्टॉपवॉच लावून एकेका प्रसंगाची लांबी मोजली आणि जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत आला.

स्टिरिओ ध्वनिमुद्रणासाठी कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणले. स्टुडिओ तसा यथातथाच, बाहेरच्या रहदारीचा आवाज आत यायचा. तिथे थोड्या दिवसांत हे सगळे उरकले. बीटल्सच्या 'द इनर लाइट' गाण्याचे वाद्यसंगीतही त्याच मुक्कामातले.

वाजवणारे कोण? सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. 'लव्ह सीन' या तुकड्यात आशिष खाँ एकदा वाजवून झाल्यावर त्याच मुद्रणावर पुन्हा वाजवतात, त्यामुळे एकच माणूस स्वतःशी सवाल-जवाब करतो. 'क्राइंग'मधली तारशहनाई ऐकून मात्र मी बराच वेळ काही बोललो नाही.

खरे सांगतो, त्या काळी आम्हा मुलांचे मत ठाम होते, गोऱ्यांनी सतारीचे खेळणे केले. न ऐकताच. आता ऐकल्यावर तक्रार वेगळी आहे. 'गत किरवाणी' जरा रंगात येते तोच संपते. स्टॉपवॉचचा जाच! लंडनमध्ये केलेल्या तुकड्यांतला एरिक क्लॅप्टनच्या गिटारीचा 'स्कीइंग' जोरकस आहे, बाकी काही नुसते भरतीचे वाटले.

तबकडी नोव्हेंबर १९६८ मध्ये आली. गायक नाही, म्हणायला गाणे नाही, आणि त्याच महिन्यात बीटल्सचा पांढरा जोडअल्बम आला. मग हिच्याकडे कोण बघणार? अमेरिकेत ४९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली, इंग्लंडच्या यादीत आलीच नाही. अजूनही तिच्याबद्दल लिहिले जाते ते 'हॅरिसनचा एक प्रयोग' म्हणून.

नातवाने वेष्टनाच्या मागच्या बाजूचे चित्र मोठे करून दाखवले. वादकांची नावे आहेत, हे कबूल करायला हवे. पण शर्मांच्या आडनावाला शेवटी एक जादा 'आर' चिकटलेला, सतारवादक इंद्रनील भट्टाचार्य 'इंद्रिल' झालेले. शहनाईवाल्यांचे 'जादेव' माझ्या मास्तरी डोळ्यांना जाधवच दिसते. आणि बासरीपुढे, अगदी शुद्ध, एस. आर. केंकरे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ज्याला मी 'गोऱ्यांचे खेळणे' म्हणत होतो, त्यात एक केंकरे फुंकर घालत होते, माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर.

नातू आता 'गत किरवाणी' गिटारवर बसवतो आहे. तीन दिवस तोच एक तुकडा चालू आहे. सम चुकते, तेवढी मी टेबलावर बोटाने दाखवतो.