कुचंबलेल्या सुया

वर्गात मी तीन मुले त्रिकोणात उभी केली. एकाने उत्तरेला तोंड केले तर शेजाऱ्याने दक्षिणेला करायचे. दोघांचे जमले, तिसऱ्याची कुचंबणा झाली. तो अर्धवट वळला, आणि मी रागावलो! स्फटिकातील अणूंच्या चुंबकसुयांची हीच गत. दिशा दोनच असल्या तर त्रिकोणी जाळीत मेळ बसत नाही, हे वॅनियरने १९५० साली गणिताने दाखविले. १९५९ मध्ये जपानात योशिमोरी, फ्रान्समध्ये व्हिलँ व अमेरिकेत कॅप्लान यांना स्वतंत्रपणे वाट सापडली : सुया थोड्याथोड्या वळत मळसूत्र धरतात. त्रिकोणी जाळीत चुंबकी भोवरेही उठतील, असे २०१२ साली ओकुबो, चुंग व कावामुरा यांनी वर्तविले. २०१९ मध्ये गॅडोलिनियमच्या एका संयुगात ते दिसले. म्हणजे पोराचे अर्धवट वळणेच बरोबर होते. त्याला हे सांगायचे राहून गेले आहे.