शुगर, बीपी आणि गुडघेदुखीच्या गोळ्या: काम काय, त्रास काय

मलकापुरात कृष्णा हॉस्पिटल आहे आणि शेजारी कराडात दवाखानेच दवाखाने. सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतून लोक इथे दाखवायला येतात. त्यामुळे एकाच घरात शुगरची चिठ्ठी एका डॉक्टरांची, बीपीची दुसऱ्यांची, आणि गुडघ्याची गोळी मेडिकलमधून "मागच्या वेळचीच द्या" म्हणून आणलेली, असं सर्रास दिसतं. या सगळ्या गोळ्या एकत्र येतात त्या घरातल्या डब्यात. म्हणून कोणती गोळी शरीरात काय करते, हे घरातल्या एकाला तरी माहीत हवं. "पांढरी सकाळी, गुलाबी रात्री" एवढ्यावर भागत नाही. कंपनी बदलली की रंगही बदलतो.

शुगरच्या गोळ्यांपासून सुरू करू. मेटफॉर्मिन ही सगळ्यात जास्त दिली जाणारी. आपलं लिव्हर रात्रंदिवस थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. ही गोळी ते प्रमाण कमी करते आणि शरीराला स्वतःचं इन्सुलिन नीट वापरायला मदत करते. सुरुवातीला मळमळ, गॅस, पातळ शौच होतं, म्हणून ती जेवणासोबत घ्यायची. बरीच वर्षं घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं आणि पायांना मुंग्या येतात. ते सगळं शुगरमुळेच असेल असं धरून बसू नये. नावापुढे 'एसआर' असेल तर गोळी कुटून किंवा चावून खाऊ नका, तिच्यातलं औषध हळूहळू सुटायचं असतं. कधी शौचात गोळीसारखं टरफल दिसतं, त्याला घाबरायचं कारण नाही. औषध आत उतरलेलं असतं.

ग्लायमेपिराइडचा स्वभाव वेगळा. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवला असा किंवा नसा. गोळी घेतली आणि जेवण राहिलं तर शुगर 70 च्या खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, धडधड होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग काहीतरी खायला द्यायचं, कारण या गोळीचा असर लांबतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. खरी गोम अशी की मेटफॉर्मिन आणि ग्लायमेपिराइड बऱ्याचदा एकाच गोळीत असतात. तुमच्या गोळीत दुसरी आहे का, हे स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घरातल्या शाळकरी मुलांकडून वाचून घ्या, त्यांचे डोळे चांगले असतात.

बीपीमध्ये अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. घोट्याला सूज हा तिचा ओळखीचा त्रास. टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचं काम अडवते. गरोदरपणात ती बाळाला घातक, त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. 'डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही' असं म्हणून गोळी बंद करणारे प्रत्येक गल्लीत भेटतील. पण वाढलेलं बीपी सहसा जाणवतच नाही.

आता गुडघ्याची गोळी, जिला सगळेच किरकोळ समजतात. डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या एकाच घरच्या. दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं त्या कमी करतात. पण हीच द्रव्यं पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून पोटात अल्सर होतो, शौच काळं होतं, बीपी वाढतं. दादी किंवा नानी टेल्मिसार्टन घेत असेल, सोबत लघवीची गोळी चालू असेल आणि वरून रोज डायक्लोफेनॅक, तर हे तिन्ही मिळून किडनीवर भार टाकतात. त्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या की किडनी अचानक बंद पडू शकते. लघवी कमी झाली तर वाट पाहू नका.

हे औषध किडनीला काय करू शकतं ते गिधाडांनी दाखवून दिलं. जनावरांना डायक्लोफेनॅक द्यायचे. ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. आपल्याकडची गिधाडं जवळपास संपलीच. 2006 साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाला ते चालतं, पण डॉक्टरांनी सांगितलेले दिवसच. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरी, फक्त सर्दीच्या गोळीतही तीच असते, तेव्हा दोन्ही मिळून मोजायची.

नाव नसलेल्या कागदी पुडीतल्या गोळ्यांनी गुडघा दोन दिवसांत बरा झाला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. स्टेरॉइडने शुगर वाढते. बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तरी धोका असतो, म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

पँटोप्राझोल पोटातलं अॅसिड कमी करते, नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची. वर्षानुवर्षं घेतली तर तिनेही बी-12 कमी होतं.

रमजानचा विचार शुगरवाल्यांनी महिनाभर आधी करावा. चांदरात झाल्यावर डॉक्टरांकडे धावून उपयोग नाही. सकाळची ग्लायमेपिराइड तशीच सहेरीला घेणं धोक्याचं. बहुधा डॉक्टर ती इफ्तारला नेतात किंवा कमी करतात. बोटाला सुई टोचून शुगर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेला तर रोजा सोडावा, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, आणि बीमार माणसाला नंतर कजा करण्याची सवलत कुरआनातच आहे. थरथर सुटली असेल तर मगरिबला दहा मिनिटं उरली आहेत म्हणून थांबू नये.